जीआय निप्पल पितळी व्हॉल्व्हपाशीच का सडतं? बोअर, स्टार्टर आणि सोलरमधल्या दोन धातूंच्या जोडाची माहिती

बिडकीन (ता. पैठण) : बोअरमधून मोटार वर काढली की बऱ्याचदा एकच चित्र दिसतं. पितळी एनआरव्ही जशीच्या तशी, पंपाचं स्टीलचं तोंड चकचकीत, आणि मधलं जीआय निप्पल मात्र आट्यांपाशी खाल्लेलं. "पाइप हलका दिला" म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. कधी ते खरंही असतं. पण माल चांगला असला तरी त्या जागी निप्पलच आधी जाणार. आटे गेले आणि जोड सुटला तर मोटार पाइपासकट बोअरच्या तळाला जाते, आणि ती निघेलच याची खात्री कोणी देत नाही.

कारण असं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही एकाच पाण्यात असले की तिथं बारीक बॅटरी तयार होते. टॉर्चच्या जुन्या सेलचं जस्ताचं कवच वापरता वापरता झिजतं आणि सेल गळायला लागतो, तोच प्रकार. दोघांतला कमजोर धातू झिजतो, दुसरा शाबूत राहतो. कमजोराकडून दणकट अशी रांग साधारण अशी : मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबं, स्टेनलेस स्टील. रांगेत जेवढं अंतर जास्त, तेवढा धोका जास्त. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. पितळाशेजारी आधी थर जातो, मग लोखंड.

पाणी जेवढं खारं, तेवढं हे काम जोरात. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याला दुसरा स्रोत नसेल तर आपल्याकडे 2,000 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 2 ग्रॅम, चालवून घेतात. बोअरमध्ये झीज सावकाश होते ती यामुळे, पण मोटार तिथं वर्षानुवर्षं बुडालेली असते. जड पाणी आणि खारं पाणी मात्र एक नव्हे. भांड्यावर पांढरा थर धरणारं पाणी कधी पाइपलाही आतून झाकून ठेवतं. जिभेला मचूळ लागणाऱ्या पाण्याची काळजी जास्त.

हा धडा जगाला जहाजांनी शिकवला. 1761 मध्ये इंग्रजांच्या 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला. दोन वर्षांत खिळे सडून पत्रे सुटले. जिथं तांबं आणि लोखंडामध्ये गुंडाळीचा खाकी कागद राहून गेला होता, तिथले खिळे मात्र बरे होते! पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने उलटा उपाय सुचवला : तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल, तांबं वाचेल. समुद्रातल्या बोटींच्या पंख्याजवळ आजही जस्ताचे तुकडे बसवतात आणि झिजले की बदलतात. घरच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती याच कामाची. पाणी खारं असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी ती कांडी बघायला सांगा. बरेच जण ती उघडतच नाहीत.

आता बोअरचं. सगळ्यात बरं म्हणजे यूपीव्हीसी कॉलम पाइप, आणि खालचा ॲडॉप्टर व एनआरव्ही दोन्ही स्टेनलेस स्टीलचे. जीआय मधून गेलं की भांडणच मिटलं. जीआय लाइन बदलणं परवडत नसेल तर व्हॉल्व्हला लागून लाल पट्टीचं, म्हणजे हेवी, निप्पल लावा आणि मोटार वर आली की ते बघितल्याशिवाय परत सोडू नका. टेफ्लॉन टेपवर भरवसा नको. आटे आवळताना ती कापली जाते आणि धातू धातूला टेकतोच.

नट-बोल्टच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोठ्या लोखंडी फ्लँजला स्टीलचे बोल्ट चालतात, पण मोठ्या स्टीलच्या फ्लँजला साधे लोखंडी बोल्ट नकोत. सगळी झीज त्या चार छोट्या बोल्टवर येते. रंगाचंही तसंच. फक्त लोखंडाला रंग दिला आणि त्याला ओरखडा पडला तर झीज तेवढ्या ठिपक्यावर एकवटते आणि भोक लवकर पडतं. म्हणून शेजारचं पितळ-स्टीलही रंगवावं.

स्टार्टरपाशी पाणी नसतं, पण पावसाळ्यातली ओल पुरते. ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांब्याची वायर नुसता पीळ देऊन जोडली की ॲल्युमिनियम झिजतं, जोड सैल होतो, तापतो. एक फेज गेला आणि मोटार दोन फेजवर चालत राहिली की वाइंडिंग जळतं. बायमेटॅलिक लग एका बाजूनं ॲल्युमिनियमची, दुसरीकडून तांब्याची असते. लाइन बंद करून वायरमनकडून तीच बसवून घ्या.

सोलर पंपाच्या पॅनलची चौकट ॲल्युमिनियमची असते. तिला तांब्याची अर्थिंग वायर थेट आवळू नये. कथिलाचा मुलामा असलेली लग आणि स्टीलचा वॉशर मध्ये हवा. दोन धातू वेगळे ठेवायचे म्हणून अर्थिंगच काढून टाकणारेही भेटतात. ते अजिबात करू नका.