लांब नळीचा वारसा

नवशिक्या निरीक्षकाच्या हाती सहसा येणाऱ्या भिंगाच्या दुर्बिणीत सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, म्हणजे आकाशाकडे रोखलेले पुढचे भिंग, आणि ७०० मिलिमीटरच्या आसपास नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरचे अंतर, असते. तिची नळी अशी लांबोडकी का, याचे उत्तर सतराव्या शतकात सापडते. मिडलबर्गच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने १६०८ मध्ये दुर्बिणीसाठी एकस्वाचा अर्ज केला आणि तो नाकारला गेला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून सुमारे वीसपट विवर्धनाची दुर्बीण सिद्ध केली. तिची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडील भिंग, अंतर्वक्र असल्याने प्रतिमा सुलट दिसे, पण दृष्टिक्षेत्र फार अरुंद होते. १६११ मध्ये केप्लरने तेथे बहिर्वक्र भिंग सुचवले. आजच्या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो तो या रचनेमुळे.

खरी अडचण रंगांची होती. एकेरी भिंग निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळवते, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याभोवती रंगीत किनार उमटते; यालाच वर्णविपथन म्हणतात. नाभीय अंतर वाढवले की हा दोष सौम्य होतो, मात्र भिंगाचा व्यास दुप्पट केल्यास तेवढ्याच स्वच्छ प्रतिमेसाठी नळी चौपट लांब करावी लागते. हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला, तेव्हा त्याचे भिंग जेमतेम ५७ मिलिमीटरचे, पण नाभीय अंतर तीन मीटरांहून अधिक होते. डान्झिगच्या हेवेलिअसने तर सुमारे ४६ मीटरांची दुर्बीण उंच खांबाला दोरांनी टांगली, आणि ती वाऱ्याच्या झुळकीनेही डोलत असणार, हे सांगायला नको.

क्राउन आणि फ्लिंट या भिन्न काचांची दोन भिंगे जोडून रंग एकत्र आणण्याची युक्ती चेस्टर मूर हॉलने १७३३ च्या सुमारास साधली. एकस्व मात्र १७५८ मध्ये जॉन डॉलंडला मिळाले, आणि त्यावरून पुढे न्यायालयीन वादही रंगला. या जोडभिंगामुळे नळी आखूड झाली, तरी रंग पुरता हटला नाही. म्हणून स्वस्त दुर्बिणीत आजही नळी काहीशी लांबच ठेवतात, आणि चंद्राच्या कडेला जांभळट झाक दिसली की भिंगाचा बाहेरचा भाग झाकून पाहतात. गॅलिलिओही आपल्या भिंगाच्या कडा अशाच झाकत असे.