दोनचा सदुसष्टावा घात

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. परार्ध हे आपल्या मोजणीतले शेवटचे नाव. ही संख्या तशा १,४७५ परार्धांहून मोठी भरते.

२ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या उरते, याची २५७ पर्यंतची यादी मारँ मेर्सेन या फ्रेंच मठवासी विद्वानाने १६४४ साली छापली. तीत ६७ होता. एवढाल्या संख्या हाताने तपासून पाहणे त्या काळी कुणाच्याच आवाक्यातले नव्हते, तरी यादी सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका याने ही संख्या मूळ नाही असे दाखवले. गंमत अशी की, तिचा एकही अवयव त्याला माहीत नव्हता. त्याच्या कसोटीला पुढे डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले: ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची आणि तिच्यावर पुन्हा तेच. ६५ फेऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. म्हणजे संख्या फुटते हे कळते, कुठे फुटते ते कळत नाही.

ते शोधणे फार जड काम होते. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येणारा असावा लागतो. शिवाय ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरावेत. ही चाळणी लावूनही लहान अवयवापर्यंत पोचायला सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात आणि प्रत्येकासाठी एकवीस अंकी भागाकार! कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने ही गर्दी आणखी पातळ केली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी उत्तर मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल यांनी अवाक्षर न काढता फळ्यावर आधी घात आणि मग गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली आणि सभेने टाळ्या वाजवल्या, असे गणिताच्या इतिहासावर लिहिणारे ई. टी. बेल सांगतात. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, हेही त्यांनीच लिहिले आहे. बेल गोष्ट रंगवून सांगणारे, म्हणून तपशील जपूनच घ्यावा. गुणाकार मात्र कुणीही पडताळू शकतो. शेवटच्या ७२१ आणि २८७ यांचा गुणाकार २,०६,९२७ येतो, म्हणजे निदान शेपूट जुळते.

मेर्सेनच्या यादीत २५७ हाही चुकीचा निघाला, तर ६१, ८९ आणि १०७ हे राहून गेले होते. ६७ हा ६१ चा छापखान्यातला अपभ्रंश असावा, अशीही एक अटकळ आहे. २५७ पर्यंतचे सगळे घात तपासून व्हायला १९४७ साल उजाडले.