पहिल्या तीस शस्त्रक्रिया कुणावर?

आजची सुरुवात एका आकड्यापासून करू या. 1995 साली अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शल्यचिकित्सकांच्या एका गटाने आपल्याच कामाचा हिशेब छापला. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची 8,839 ऑपरेशनं, करणारे 55 सर्जन. त्यात मुख्य पित्तनलिकेला इजा झाली 15 वेळा. तसं पाहिलं तर प्रमाण फार नाही. पण या इजांपैकी नव्वद टक्के त्या त्या सर्जनच्या पहिल्या तीस ऑपरेशनांत झाल्या होत्या. त्यांच्या हिशेबानं पहिल्या ऑपरेशनला इजेची शक्यता 1.7 टक्के होती आणि पन्नासाव्याला 0.17 टक्के, म्हणजे दहापट कमी.

आता हेच टेबलावर झोपलेल्या माणसाच्या बाजूने वाचून बघा. प्रत्येक सर्जनच्या आयुष्यात पहिली तीस ऑपरेशनं येणारच. ती कुणाच्या तरी पोटावर होणार. ती कुणाच्या पोटावर व्हावीत, आणि पोटाऐवजी दुसऱ्या कशावर होऊ शकतील का? व्हीआर आणि स्पर्श देणारी सिम्युलेटर यंत्रं म्हणजे भविष्यातली काही जादू, असं वर्तमानपत्रांतून वाटतं. आम्हांला मात्र त्यांचा इतिहास या जुन्या प्रश्नाचा इतिहास वाटतो.

जुना म्हणजे किती जुना? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा एक अख्खा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडीवर करावा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन शिकावं. शीर टोचायची तर मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ घ्यावा. किडीने पोखरलेल्या लाकडात सळई घालून जखमेचा माग काढायला शिकावं. टाके जाड आणि पातळ कापडाच्या काठांवर आणि मऊ चामड्यावर घालावेत, पट्ट्या कापडी बाहुल्यावर बांधाव्यात. आणि कितीही ग्रंथ वाचले असले, तरी ज्याने हा सराव केला नाही तो कामाला अपात्र, असं तिथे बजावलेलं आहे. गंमत बघा, पट्ट्यांचा बाहुला सोडला तर यातली एकही वस्तू माणसासारखी दिसत नाही. बाकीची प्रत्येक वस्तू निवडलीय ती हाताला काय जाणवतं त्यावरून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधुनिक काळात मात्र गाडी दुसरीकडे वळली. 1889 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झालं आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी तिथे निवासी डॉक्टरांची पद्धत बसवली. वर्षानुवर्षं वॉर्डात राहायचं, हळूहळू जबाबदारी घ्यायची. पद्धत चांगलीच होती, आपल्याकडचे रेसिडेंटही तिच्याच वंशातले. पण शिकण्याचं साधन होता रुग्ण, आणि तोही बहुतेक वेळा धर्मादाय किंवा सरकारी दवाखान्यातला गरीब रुग्ण. एक बघा, एक करा, एक शिकवा, ही म्हण याच परंपरेला चिकटली.

या व्यवस्थेला धक्का दिला तो दुर्बिणीने. 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूह यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं, 1987 मध्ये फ्रान्सात लिआँला फिलिप मुरे यांनी. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया 1972 पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते, त्यांनी 1990 मध्ये तिथेच हे ऑपरेशन केलं. रुग्णाला लवकर घरी जायला मिळतं म्हटल्यावर मागणी भडकली. पण सर्जनसाठी सगळंच बदललं होतं. डोळे पोटात नाहीत, पडद्यावर. तेही सपाट चित्र. हात डावीकडे नेला तर आत टोक उजवीकडे जातं. आणि बोटांऐवजी हातभर लांबीची काठी, त्यामुळे स्पर्श जवळजवळ गेलाच. वीस-वीस वर्षं पोट उघडून ऑपरेशन करणारे नामवंत सर्जन इथे पहिलीच्या वर्गात बसले. कित्येकांचं शिक्षण शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये, डुकरांवर झालं आणि सोमवारी ते माणसावर. सुरुवातीचा आकडा आठवा. इजा इतक्या वाढल्या की 1992 मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला या ऑपरेशनसाठी देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचे नियम काढावे लागले.

दुसरी वाट विमानातून आली. एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्यांनी 1929 च्या सुमारास जमिनीवरच डुलणारं खोटं विमान बनवलं. बरीच वर्षं ते जत्रेतलं खेळणं म्हणूनच खपलं. 1934 मध्ये अमेरिकी सैन्याने टपाल वाहून नेण्याचं काम घेतलं, खराब हवेत यंत्रं बघून उडवायची सवय नसल्याने काही आठवड्यांत दहाहून जास्त वैमानिक गेले, आणि मग सैन्याने लिंक यांची सहा यंत्रं विकत घेतली. वैद्यकाला हे उदाहरण उचलायला पन्नास-साठ वर्षं लागली. आमचं मत थोडं कडू आहे: विमान पडलं की वैमानिकही मरतो, सर्जनचं तसं नसतं.

1993 मध्ये अमेरिकी सैन्यातले सर्जन रिचर्ड सटावा यांनी आभासी पोटाचं वर्णन छापलं. त्यातलं यकृत आणि आतडी अगदी व्यंगचित्रातल्यासारखी होती, आणि त्यात हात घातला तर काहीच लागत नव्हतं. इथे खरी अडचण सुरू होते. डोळ्याला फसवायला सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं पुरतात. हाताला फसवायचं तर जोर सेकंदाला सुमारे हजार वेळा नव्याने मोजून मोटरला सांगावा लागतो. उशीर झाला की कडक वस्तू थरथरते किंवा लोण्यासारखी मऊ लागते. वर ऊती दाबली जाते, ताणली जाते, फाटते, रक्त येतं, आणि हे सगळं त्या एक-हजारांश सेकंदात. दूरवरून जोर जाणवून देणारे यांत्रिक हात अणुप्रयोगशाळांत 1950 च्या दशकातच होते, अमेरिकेत आर्गॉनला रेमंड गर्ट्झ यांनी किरणोत्सारी वस्तू हाताळायला ते बनवले होते. पण टेबलावर मावणारं, पेनसारखं धरायचं 'फँटम' हे यंत्र आलं ते एमआयटीत, 1993 च्या सुमारास. ते केलं थॉमस मॅसी या विद्यार्थ्याने आणि त्याचे शिक्षक केनेथ सॅलिसबरी यांनी. हा मॅसी पुढे अमेरिकेच्या संसदेत गेला, ते एक असो.

आता गंमत अशी की, पहिला भक्कम पुरावा मिळाला तो स्पर्श नसलेल्या यंत्रातून. मँचेस्टरच्या मंडळींनी केलेल्या 'मिस्ट-व्हीआर'मध्ये पोटच नव्हतं. पडद्यावर फक्त गोळे आणि चौकटी. गोळा उचला, दुसऱ्या हातात द्या, चौकटीत ठेवा. सुश्रुताची काकडीच म्हणा ना! 2002 मध्ये येल विद्यापीठाची चाचणी प्रसिद्ध झाली. सोळा निवासी डॉक्टर, आठ यंत्रावर शिकलेले, आठ नेहमीच्या पद्धतीने. मग खऱ्या ऑपरेशनांच्या चित्रफिती, कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासल्या. यंत्रावर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडवायला 29 टक्के कमी वेळ घेतला, आणि त्यांच्या चुका सरासरी 1.19, तर इतरांच्या 7.38. त्यात एक गोष्ट पटकन निसटते. 'इतके तास बसा' असं कुणी सांगितलं नव्हतं. अनुभवी सर्जन जितके गुण मिळवतात तितके मिळेपर्यंत उठायचं नाही, असा नियम होता. आमच्या वाचनात यंत्रापेक्षा हा नियम मोठा ठरला. पुढे 2010 च्या सुमारास अमेरिकेत सर्जन व्हायला दुर्बिणीची जी कौशल्यपरीक्षा सक्तीची झाली, तीही एका साध्या पेटीवर घेतात: आत कॅमेरा, खुंट्या, गाठ मारायला दोरा.

मग स्पर्शाचं यंत्र फुकट का? नाही. दुर्बिणीच्या पित्ताशयात स्पर्शाचा पुरावा संमिश्र आहे. पण जिथे हातच डोळ्याचं काम करतो तिथे गोष्ट वेगळी. मोतीबिंदूचं छोट्या छेदाचं, बिनटाक्याचं ऑपरेशन घ्या. त्याला महागडं फेको यंत्र लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या शिबिरांत ते इतकं चालतं. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण अर्ध्या जाडीवर एक बोगदा कोरायचा असतो. पातं वर गेलं तर भोक पडतं, खाली गेलं तर वेळेआधीच डोळ्यात शिरतं. हे दिसण्यापेक्षा पात्याच्या विरोधातून जास्त कळतं.

आणि या ऑपरेशनसाठी स्पर्शाचं सिम्युलेटर उभं करायला पैसा लावला तो एका वैमानिकाने. अल्बर्ट युल्टशी यांनी 1951 मध्ये वैमानिकांना शिकवणारी 'फ्लाइटसेफ्टी' ही कंपनी काढली होती, आणि नव्वदी पार केल्यावर, 2010 मध्ये, मुलासह 'हेल्पमीसी' ही संस्था. तिचं प्रशिक्षण केंद्र मुंबईतही झालं. बोगदा कोरायला नवख्या डॉक्टरांवर घेतलेली चाचणी 2021 मध्ये आली, आणि यंत्रावर शिकून आलेल्यांच्या चुका पहिल्या वीस प्रयत्नांत स्पष्टपणे कमी होत्या. ब्रिटनमध्येही डोळ्याची सिम्युलेटर पसरली त्या काळात, 2009 ते 2015, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून भिंगाची मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण 4.2 वरून 2.6 टक्क्यांवर आलं. हे सगळं श्रेय यंत्राचं असं म्हणता येणार नाही, पण ज्यांच्या आवारात यंत्र होतं त्यांच्यातच घट ठळक होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात असं यंत्र बघायला गेलो होतो. खोलीला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण. निवासी डॉक्टरांना विचारलं, वापरता का? ते हसले. छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर कोण येणार, म्हणाले. मग सराव? एकाने होस्टेलच्या खोलीत नेऊन दाखवलं. खाटेच्या दांडीला टाक्याचा दोरा बांधलेला होता, आणि दांडीवर गाठीच गाठी.