समितीची एकजूट आणि तिचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आमच्या कुरखेड्याकडे एकाच सुमारास येतात. त्यामुळे ज्यांच्यासाठी मला बोलायचे आहे त्यांपैकी पुष्कळजण आज या मंडपात नाहीत. पहाटे जंगलात जावे, दुपारी पुडे बांधावे, संध्याकाळी ते फळीवर मोजून द्यावे, यातच त्यांचा दिवस जातो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या जुन्या पुस्तकांवर आणि फळीवरच्या भांडणांत झाले. देशावर राजकीय संकट आले की पुरोगामी पक्षांनी एक व्हावे असा ठराव करणाऱ्या सभांना मी तीस वर्षे हजर राहिलो आहे. ठराव योग्यच असतो. पण एकजूट कशाने टिकते आणि कशाने मोडते, याचा हिशेब त्या सभांत क्वचितच मांडला जातो. तो आज मांडू या.

महाराष्ट्राने अशी एकजूट एकदा डोळ्यांनी पाहिली आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी निदर्शकांवर गोळीबार झाला. 16 जानेवारी 1956 रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी जाहीर केला, आणि शहरात पुन्हा गोळ्या चालल्या. हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. त्यांत कष्टकरी माणसे पुष्कळ होती. या पार्श्वभूमीवर 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन हे तिचे प्रमुख आधार. यांचे आपसांत सख्य होते असे कोणी समजू नये. 1942 च्या लढ्यात समाजवादी भूमिगत राहून लढले, तर कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्याबाहेर राहिला. ती जखम चौदा वर्षांनंतरही ओलीच होती. तरीही एस. एम. जोशी आणि कॉम्रेड डांगे एका व्यासपीठावर बसले.

हे कसे साधले? कोणी आपला झेंडा खाली ठेवला नाही, पक्ष विसर्जित केला नाही. मागणी मात्र एकच ठेवली आणि काँग्रेसविरुद्धची मते फुटू नयेत अशी जागांची वाटणी केली. 1957 च्या निवडणुकीत त्याचे फळ दिसले. मुंबईतून डांगे, पुण्यातून नानासाहेब गोरे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील आणि नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. विधानसभेत या चार पक्षांचे मिळून 93 आमदार निवडून आले. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र समितीने जवळजवळ जिंकलाच.

परंतु राज्य काँग्रेसचेच राहिले. द्विभाषिक राज्याच्या 396 जागांपैकी तिला 234 मिळाल्या, त्या गुजरात, मराठवाडा आणि आपल्या विदर्भाच्या बळावर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेशातून आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यांत आपला चांदा जिल्हा होता आणि कुरखेडा त्याच जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचना आयोगाने तर 1955 साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. तेव्हा मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीने गिरणगाव पेटला तसे आमचे जंगल पेटले नाही, यात आश्चर्य कसले? इथला प्रश्न जमिनीच्या पट्ट्याचा, जंगलातल्या हक्काचा आणि मजुरीच्या दराचा होता. एका मागणीने समितीला बळ दिले, आणि त्याच मागणीने तिची सीमाही आखून दिली.

पुढे ती मोडली कशी, तेही पाहू. 1959 साली केरळातील कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात प्रजासमाजवादी उतरले. त्याच वर्षी चीनच्या सरहद्दीचा वाद चिघळला. मुंबईत एका बाकावर बसणारी माणसे केरळच्या आणि सरहद्दीच्या प्रश्नावर एकमेकांना शत्रू म्हणू लागली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य आले, मागणी पुरी झाली, आणि एकत्र राहण्याचे लेखी असे कारण उरले नाही. 1962 च्या निवडणुकीत 264 पैकी 215 जागा काँग्रेसने घेतल्या. शेतकरी कामगार पक्ष 15, प्रजासमाजवादी 9, कम्युनिस्ट 6, रिपब्लिकन 3. राज्य आता लहान झाले होते हे खरे; तरी 93 चे 33 झाले, हा आकडा विसरण्यासारखा नाही. नव्या राज्यात जमीन कोणाची, मजुरी किती, याचा समान कार्यक्रम वेळीच लिहिला गेला नाही, हेच मला त्याचे मोठे कारण वाटते.

1977 साली उलट वाट चोखाळली गेली. 25 जून 1975 च्या आणीबाणीने नागरिकांचे हक्क गोठवले, विरोधकांना तुरुंगात टाकले. निवडणूक जाहीर होताच समाजवाद्यांनी आपला पक्षच जनता पक्षात विलीन केला. त्याच पक्षात जनसंघही आला. शेतकरी कामगार पक्ष आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट वेगळे राहून समझोत्याने लढले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने मात्र आणीबाणीला पाठिंबा दिला होता. मतदारांनी केंद्रातले सरकार घालवले, लोकशाही वाचली; ही कमाई लहान नव्हे. पण विलीन झालेली मने एक झाली नव्हती. जुलै 1979 मध्ये ते सरकार कोसळले.

म्हणजे झेंडे वेगळे ठेवले तरी फूट पडली, आणि एक केले तरी पडली. दोष झेंड्यात नव्हता. हे मला पुस्तकाने नव्हे, एका म्हातारीने शिकवले. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका फळीवर आम्ही दोन युनियनवाले होतो, दोघेही लाल झेंड्याचे. संयुक्त पत्रकावर कोणाचे नाव आधी यावे यावरून बैठक मोडली, आणि तीतून आधी उठून जाणारा मीच होतो. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी एका युनियनशी शेकड्यामागे कमी दराने समझोता केला आणि तोच दर सर्वांना लागू झाला. तेव्हा पुडे मोजता मोजता ती म्हणाली, "झेंडे दोन झाले, पर पुडा त सत्तरच पानांचा हाये ना, बाबू?" मला उत्तर सुचले नाही.

आज आमच्या शेजारच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा हाती धरून गावांनी तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतःकडे घेतला. त्या ग्रामसभांत निरनिराळ्या पक्षांना मत देणारी माणसे बसतात. ती भांडतात, पण लिलावाचा दर ठरवताना एक होतात, कारण हंगाम बुडाला तर तो सर्वांचाच बुडतो.

म्हणून पुरोगामी पक्षांच्या पुढाऱ्यांना माझे नम्र सांगणे आहे. एक व्हा, जरूर व्हा. संकट तुमच्या सोयीसाठी थांबणार नाही. पण जागावाटपाच्या कागदाआधी दुसरा एक कागद लिहा. विजयाच्या दुसऱ्या दिवशी मजुराला, शेतकऱ्याला, जंगलातल्या माणसाला काय मिळणार, हे त्यात असावे. आपसांतला वाद कोठे आणि कसा मिटवायचा, हेही असावे. आणि तो कागद मुंबई-पुण्यात पक्का करण्यापूर्वी एकदा फळीवर वाचून दाखवा. समितीचा हिशेब तिथेच अपुरा राहिला होता.