एरेश्किगल आणि आपली निर्ऋती

गोंदियाजवळच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिर पाहावयास विद्यार्थ्यांना घेऊन गेलो असता एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "मृतांचा राजा यम आहे, मग मृतांची राणी का नाही?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर शोधताना आम्हांस मेसोपोटेमियापर्यंत जावे लागले.

सुमेरी कथांत मृतलोकाचे राज्य एका देवीकडे आहे. तिचे नाव एरेश्किगल, म्हणजे 'महाभूमीची राणी'. तिची बहीण इनान्ना पाताळात उतरते तेव्हा सात दरवाजांवर तिचा मुकुट, अलंकार, वस्त्रे एकेक करून उतरवली जातात. तेथील नियमास देवीही अपवाद नाही. मात्र हीच कठोर राणी प्रसूतिवेदना सोसणाऱ्या स्त्रीसारखी कण्हतानाही दिसते. तिच्या कण्हण्याला साथ देणाऱ्यांना ती वर देऊ करते आणि त्यामुळेच इनान्नाची सुटका होते.

या मृतलोकात पापपुण्याचा हिशेब नाही. राजा असो वा पुरोहित, वाट्याला अंधार आणि धूळच येते. फरक पडतो तो वंशज अन्नपाणी देतात की नाही, यामुळे. या विधीला 'किस्पू' म्हणत. आपल्याला पितृपक्षातील तर्पण आठवल्यावाचून राहत नाही.

पुढे मात्र या राणीचे एकछत्री राज्य उरले नाही. इजिप्तमधील अमार्ना येथे सापडलेल्या, इ.स.पू. चौदाव्या शतकातील कथेत नेर्गल हा देव तिला केस धरून सिंहासनावरून खाली खेचतो. ती त्याला विवाह आणि राज्य देऊ करते.

आता आपल्याकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यविधीच्या सूक्तात मृताचे निर्ऋतीपासून रक्षण करण्याची विनवणी पृथ्वीला केलेली आहे. निर्ऋती म्हणजे विनाश. परंतु 'निघण्टू'त पृथ्वीच्या नावांतच निर्ऋती हेही एक नाव आहे आणि यास्काने 'निरुक्ता'त तिचे पृथ्वी व संकट असे दोन्ही अर्थ दिले आहेत. रक्षण करणारी आणि गिळणारी भूमी एकच, ही जाणीव एरेश्किगलच्या नावातही आहे. दोन्ही देवींत थेट संबंध होता, असे मात्र आम्हांस सुचवावयाचे नाही.

निर्ऋतीला राज्य कधीच मिळाले नाही. मृतांचा राजा ऋग्वेदातच यम आहे. तिच्या वाट्याला भय आले. 'शतपथ ब्राह्मणा'त तिच्यासाठी काळ्या विटा तिच्या दिशेस ठेवून, मागे न पाहता परतावयास सांगितले आहे. स्मशानातून मागे वळून न पाहता परतण्याची आपली रीत येथे सहज आठवते. पुढे ती दिक्पालांत गेली आणि तेथे बहुधा पुरुषरूपच धारण करून बसली.

तरीही तिचे नाव पुसले गेले नाही. 'नैऋत्य' म्हणजे निर्ऋतीची दिशा. धान पिकविणाऱ्या या जिल्ह्यात दरवर्षी नैऋत्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहिली जाते. ज्या देवीला दूर ठेवण्यासाठी मंत्र रचले गेले, तिचेच नाव पावसाच्या वाऱ्याला चिकटून राहिले आहे. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच: राणी झाली नाही, पण जी होऊ शकली असती ती रोजच्या मराठीत अजून आहे. आपण तिला ओळखत नाही, इतकेच.