‘धन्य’ कोणाला म्हणावे?

‘धन्य’ या शब्दाच्या पोटात ‘धन’ आहे. संस्कृतात धन्य म्हणजे ज्याच्यापाशी धन आहे किंवा जो ते मिळवून देतो तो. पुढे त्याचाच अर्थ भाग्यवान, कृतार्थ असा झाला. ‘धन’ हा शब्दही आज वाटतो तितका शांत नव्हता. ऋग्वेदात धन म्हणजे शर्यतीला लावलेला पण, लढाईत जिंकून आणलेली लूट. म्हणजे धन्य हा मुळात जिंकणाऱ्याचा शब्द. मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडावा, तर हाच शब्द एकामागून एक नऊ वेळा भेटतो. तो ज्यांच्या वाट्याला आला आहे ती माणसे मात्र आत्म्याने दीन, शोक करणारी, सौम्य, न्यायासाठी भुकेलेली, छळ सोसणारी. जगाच्या हिशेबात यांच्यातल्या कोणी काहीच जिंकलेले नाही.

हा ताण मराठीने आणलेला नाही, तो मुळातच आहे. मत्तयाने ग्रीकमध्ये ‘माकारिओस’ लिहिले. त्याचे जुने रूप ‘माकार’ हे होमरच्या काव्यात देवांचे विशेषण आहे: ज्यांना मर्त्यांच्या चिंता शिवत नाहीत ते. नंतर सुस्थितीतल्या, भरभराटीच्या माणसांनाही ते लावू लागले. लॅटिन बायबलातल्या ‘बेआतुस’चाही एक अर्थ ‘धनवान’ असाच होता. तिन्ही भाषांत जो शब्द वरच्यांचा होता, तो इथे खालच्यांना दिला गेला आहे.

आणि किती खालच्यांना, ते ‘दीन’ या शब्दाकडे पाहिल्यावर कळते. गरिबासाठी ग्रीकमध्ये दोन शब्द होते. राबून हातातोंडाची गाठ घालणारा तो ‘पेनेस’. काहीच न उरल्याने हात पसरणारा तो ‘प्तोखोस’. दुसऱ्याचे नाते अंग चोरून, दबून बसण्याच्या क्रियापदाशी आहे. शुभवर्तमानात हा दुसरा शब्द आहे. आपल्या ‘दीन’ला ही छटा बरीच पेलते. ‘दीनवाणा’ म्हटले की वाकलेली मान दिसते, आणि ‘दीनानाथ’ म्हटले की त्या माणसाचा वाली कोण हेही कळते. हिब्रू स्तोत्रांतल्या ‘अनावीम’ या शब्दातही गरिबी आणि देवापुढची नम्रता एकत्रच नांदतात. लूकच्या शुभवर्तमानात ‘आत्म्याने’ हा शब्द नाही. तिथे थेट ‘तुम्ही दीन’ आहे, आणि पाठोपाठ धनवानांविषयी हळहळ आहे. ‘आत्म्याने’चा आधार घेऊन खिशाचा प्रश्न बाजूला सारणे मला पटत नाही. ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही, त्याला आत्म्याची दीनता शिकायला फार वेळ लागतो.

आजच्या ख्रिस्ती जीवनाला हे वचन कुठे अडते, तर ‘धन्य’ आणि ‘आशीर्वादित’ यांची सरमिसळ होते तिथे. प्रार्थनासभेत साक्ष देताना नवी नोकरी, नवे घर, परदेशी गेलेला मुलगा सांगून ‘देवाने आम्हांला आशीर्वादित केले’ असे म्हणतात. त्या कृतज्ञतेत खोट नाही. पण हिब्रूत हे दोन निराळे शब्द आहेत. देवाने आशीर्वाद दिलेला तो ‘बारूख’. स्तोत्रसंहितेचा पहिला शब्द आहे ‘अश्रे’, आणि मत्तयाच्या या अध्यायातल्या, डोंगरावरच्या प्रवचनामागे त्याचाच सूर आहे. ‘अश्रे’ हा वर नाही. दुसऱ्याकडे पाहून काढलेला उद्गार आहे. त्याचे धातूकडून नाते चालण्याशी, पावलाशी जोडतात. म्हणूनच आंद्रे शूराकी यांनी फ्रेंच भाषांतरात तिथे ‘चला, निघा’ अशा अर्थाचे शब्द योजले. मला तो अर्थ मोलाचा वाटतो. रडणाऱ्याला ‘आहेस तिथेच समाधान मान’ असे येशू सांगत नाही.

व्याकरणातली एक गोष्ट मराठी कानाला सहज कळते. मूळ ग्रीकमध्ये पहिल्या आठ वाक्यांत ‘धन्य’ला क्रियापद नाही. मराठीतही ‘ते धन्य’ एवढ्यावर वाक्य पुरे होते, ‘आहेत’ची गरज पडत नाही. अट नाही, आज्ञा नाही. दीन व्हा असे कोणी सांगत नाही. क्रियापदे येतात ती पुढच्या अर्ध्यात. सांत्वन, दया, देवाचे दर्शन ही सारी भविष्यकाळात. पण पहिल्या आणि आठव्या वचनात स्वर्गाचे राज्य ‘त्यांचे आहे’, वर्तमानकाळात.

‘धन्य’चा खरा विरुद्धार्थी शब्द ‘अभागी’. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात तो विधवेला दिवसातून किती वेळा ऐकावा लागे! 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी अशा कितीतरी बायका-मुली गोळा केल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सगळे बायबल उतरवले. 1922मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर ते काम हातावेगळे झाले होते. त्याचे खिळे जुळवले, पाने छापली ती मुक्तीतल्याच स्त्रियांनी. ज्यांना घराने अभागी ठरवले, त्यांच्याच बोटांखालून मत्तयाचा पाचवा अध्याय अक्षर अक्षर गेला. धन्यतेवरचे यापेक्षा चांगले भाष्य मला माहीत नाही.

‘शांती करणारे’ हा शब्दही असाच नीट वाचायला हवा. ग्रीक ‘ऐरेनोपोइओस’मध्ये ‘करणारा’ ठसठशीत आहे, आणि सबंध नव्या करारात तो शब्द या एकाच ठिकाणी येतो. भांडण नको म्हणून गप्प राहणारा शांत असेल, पण शांती करणारा नव्हे. दोन भावांच्या बांधावर जाऊन उभे राहणाऱ्याला दोन्हीकडची बोलणी खावी लागतात. म्हणूनच बहुधा या वचनाला लागून छळाचे वचन आहे. आणि नवव्या वचनात ‘ते’ सुटून अचानक ‘तुम्ही’ येते. तोवर डोंगरावर जमलेले शिष्य इतरांविषयी ऐकत होते. आता निंदा आणि छळ सोसणाऱ्यांत त्यांनाच धरले आहे.