नारायण भास्कर खरे

डॉ. नारायण भास्कर खरे (१८८४–१९७०) हे मध्य प्रांत व वऱ्हाडातील राजकारणी व १९३७-३८ या काळातील त्या प्रांताचे पंतप्रधान होते. प्रांतिक सरकारच्या प्रमुखास त्या वेळी पंतप्रधान म्हणत. त्यांच्या राजीनाम्यामुळे प्रांतिक मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार की पक्षश्रेष्ठींना, हा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

पूर्वायुष्य

खरे यांचा जन्म पनवेल येथे झाला. त्यांनी जबलपूर व लाहोर येथे शिक्षण घेतले व पुढे नागपुरात वैद्यकीय व्यवसाय केला. काँग्रेसच्या चळवळीत सहभागी होऊन ते केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले.

पंतप्रधानपद

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ साली झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला प्रांताच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेत बहुमत मिळाले. जुलै १९३७ मध्ये खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. प्रांतात मराठी भाषक नागपूर-वऱ्हाड आणि हिंदी भाषक महाकोशल असे दोन भाग होते व मंत्रिमंडळातील मतभेदांना या विभागणीचीही किनार होती. मे १९३८ मध्ये पचमढी येथे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या उपस्थितीत समेट घडविण्यात आला. परंतु तो टिकला नाही.

१९३८ चा पेचप्रसंग

२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी आर. एम. देशमुख व पी. बी. गोळे या सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. पंतप्रधानाच्या राजीनाम्याबरोबर सर्व मंत्र्यांनी पायउतार व्हावे, हा संसदीय संकेत होता. तथापि रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व डी. के. मेहता यांनी पक्षाच्या आदेशाविना राजीनामा देण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ करून खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज या दलित मंत्र्याचाही समावेश होता.

पक्षाला न विचारता गव्हर्नरच्या साहाय्याने मंत्रिमंडळ बदलणे, हा काँग्रेसच्या दृष्टीने शिस्तभंग होता. संसदीय समितीच्या आग्रहामुळे खरे यांनी अवघ्या काही दिवसांत पुन्हा राजीनामा दिला. वर्धा येथील पक्षबैठकीत शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. कार्यकारिणीने खरे यांना दोषी ठरविले. आपण घटनात्मक अधिकारात वागलो, असे खरे यांचे म्हणणे होते. महात्मा गांधींनी 'हरिजन' पत्रातून कार्यकारिणीच्या भूमिकेचे समर्थन केले. काँग्रेसची मंत्रिमंडळे स्वातंत्र्यलढ्याचा भाग असल्याने ती मध्यवर्ती नेतृत्वाच्या शिस्तीत राहिली पाहिजेत, असा या भूमिकेचा आशय होता. टीकाकारांना मात्र त्यात प्रांतिक स्वायत्ततेचा संकोच दिसला.

उत्तरायुष्य

काँग्रेसपासून दुरावलेले खरे १९४३ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाला उत्तर म्हणून तेथील गोऱ्या नागरिकांवर भारतात निर्बंध लादणारा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत लागू झाला. १९४७ मध्ये ते अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले व ग्वाल्हेरमधून पहिल्या लोकसभेवर निवडून आले.

वारसा

खरे यांचे पंतप्रधानपद जेमतेम वर्षभर टिकले. राज्याच्या मुख्यमंत्र्याची निवड व गच्छंती विधिमंडळ पक्षाने ठरवावी की दिल्लीतील नेतृत्वाने, या नंतरच्या काळातील वादांचे एक आरंभीचे उदाहरण म्हणून हे प्रकरण अभ्यासले जाते.